सर्व्हर भरवसा कुणावर ठेवतोय ते आधी बघ

पवईच्या ऑफिसात तुला स्टोरेजची टीम मिळाली, खूप बरं वाटलं. आणि एनएफएस, एचडीएफएस, सेफ या नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या सिस्टिमचं ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटवणं, वेगळं का, हे विचारलंस ते फार चांगलं केलंस. फक्त प्रोटोकॉलची नावं पाठ करत बसू नको. प्रत्येक सिस्टिमला एकच विचार, सर्व्हर भरवसा कुणावर ठेवतोय, मशीनवर की माणसावर?

एनएफएसची ऑथ-सिस ही जुनी ओळखपद्धत घे. क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं मशीन, म्हणतो माझा यूआयडी (यूजरचा नंबर) 1001, सर्व्हर म्हणतो ये आत. सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये 'बी-304' लिहिलं की वॉचमन सोडतो ना, वर फोन करून कोण विचारतंय, अगदी तसंच. ज्याच्याकडे क्लायंटवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, आहे तो त्याच नंबरचा यूजर बनवून दुसऱ्याच्या फाइली सरळ वाचतो, कारण रूट-स्क्वॉश ही सर्व्हरची सेटिंग फक्त रूटला अडवते. दोन व्हर्च्युअल मशीन घेऊन हे स्वतः करून बघच, मग कळेल मी एवढं का सांगतोय. एनएफएसच्या व्हर्जन 4 मध्ये कर्बेरॉस, म्हणजे तिकिटांवर ओळख पटवणारी पद्धत, सक्तीचं झालं खरं, पण सक्ती बनवणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर नाही, म्हणून माउंटचे, म्हणजे सर्व्हरच्या फाइली आपल्या मशीनला जोडतानाचे, ऑप्शन उघडून बघत जा. आणि त्यातल्या नुसत्या केआरबी5 या ऑप्शनमध्ये ओळख पटते, डेटा एन्क्रिप्ट हवा असेल तर केआरबी5पी लागतं.

एचडीएफएस पण डिफॉल्टला क्लायंट सांगेल ते नाव खरं मानतं! कर्बेरॉस चालू केलं की हजारो टास्क एकदम केडीसीवर, म्हणजे कर्बेरॉसची तिकिटं देणाऱ्या सर्व्हरवर, तुटून पडतील, म्हणून नेमनोड (एचडीएफएसचा मुख्य सर्व्हर) तिकिटाऐवजी चालणारं डेलिगेशन टोकन देतो, ते डिफॉल्टने 24 तासांनी रिन्यू करावं लागतं आणि 7 दिवसांनी संपतंच, सतत चालणारा जॉब आठवड्याने मेला तर आधी इथे शोध.

सेफमध्ये वेगळा केडीसी नसतो, तिकिटं मॉनिटर, म्हणजे क्लस्टरवर लक्ष ठेवणारे त्याचे सर्व्हरच देतात, आणि मॉनिटर अनेक असल्यामुळे एक पडला तरी काम अडत नाही, मला हे डिझाइन मनापासून आवडतं. पण सेफएक्स ही सेफची ओळखपद्धत ओळखते क्लायंटची की (गुप्त किल्ली), कीबोर्डवर बसलेला माणूस नाही. म्हणजे माउंट झाल्यावर यूआयडी पुन्हा त्या मशीनच्या शब्दावरच. कुठल्या की ला कुठला पाथ दिलाय ते म्हणूनच नीट तपास.

आणि कर्बेरॉसवाल्या माउंटवर परमिशन डिनाइड आलं की लगेच एसीएल (फाइलींच्या परवानग्यांची यादी) उकरत बसू नको, आधी क्लिस्ट ही तिकिटं दाखवणारी कमांड मारून तिकीट संपलंय का बघ, मग दोन्ही मशीनची घड्याळं बघ, साधारण 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरॉस ऐकतच नाही.