आधी सगळे तक्ते गोळा कर

प्रिय मुली,

युद्धातून नुकत्याच सावरलेल्या देशात आरोग्याची माहितीव्यवस्था उभारायला तू निघाली आहेस, याचा मला फार आनंद झाला. मात्र मुक्त स्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) सॉफ्टवेअर निवडले की निम्मे काम झाले, असा जो सूर तुझ्या पत्रात आहे, त्याबद्दल थोडे लिहायला हवे.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे उदाहरण घे. तिथले यादवी युद्ध 1991 मध्ये पेटले आणि 2002 मध्ये संपले. नंतर मदतीचे कार्यक्रम आले आणि त्यांच्यासोबत आरोग्य केंद्रांनी भरायचे छापील तक्तेही आले: लसीकरणाचा वेगळा, हिवतापाचा वेगळा, बाळंतपणांचा वेगळा. एकच माहिती दोन-तीन तक्त्यांत भरावी लागे आणि ती सगळीकडे जुळेलच याची खात्री नसे. (आपल्याकडच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना यात नवल वाटणार नाही.) 2008 मध्ये तिथे डीएचआयएस2 ही आरोग्याचे आकडे गोळा करणारी मुक्त स्रोत संगणक प्रणाली आली. तिचे मूळ वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेतले, जडणघडण ओस्लो विद्यापीठातली, आणि वेबवर चालणाऱ्या या आवृत्तीचा पहिला प्रयोग 2006 मध्ये आपल्या केरळातला.

त्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय मला तांत्रिक वाटत नाही. आधी सर्व कार्यक्रमांनी एकत्र बसून एकच तक्ता ठरवावा, मगच प्रणाली आणू, असा हट्ट धरला असता तर बैठकांवर बैठका होत राहिल्या असत्या. त्याऐवजी होते ते सगळे तक्ते, दुबार रकान्यांसकट, एकाच डेटाबेसमध्ये घातले गेले. एकाच जिल्ह्याचे, एकाच गोष्टीचे दोन वेगळे आकडे शेजारीशेजारी दिसू लागल्यावर तक्ते सुधारायला हवेत हे पटवून देणे सोपे झाले.

या प्रणालीत नवा तक्ता मांडायला कोड लिहावा लागत नाही, मंत्रालयातला प्रशिक्षित माहिती अधिकारी तो पडद्यावरच तयार करू शकतो, आणि परवान्याची फी नसल्यामुळे मदतीचा पैसा आटला तरी प्रणाली हातातून जात नाही. मात्र फुकट मिळते ते सॉफ्टवेअर. जनरेटरचे डिझेल नव्हे. इंटरनेटचा भरवसा नसल्याने सुरुवातीला जिल्ह्याच्या कार्यालयातल्या संगणकावरच माहिती भरली जाई आणि तिथून राजधानी फ्रीटाउनला पाठवली जाई. संगणकात व्हायरस शिरणे ही तिथली रोजची कटकट होती, आणि ती निस्तरायला ओस्लोहून कोणी येणार नव्हते. जिल्ह्यातल्याच माणसाला ते जमले पाहिजे, म्हणून तुझ्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाची रक्कम सर्वांत मोठी असू दे.

2014 मध्ये इबोलाची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नोंदींसाठी पुन्हा वेगळी साधने आणली गेली. घाईच्या वेळी बाहेरून येणारा माणूस स्वतःचे साधन घेऊनच येतो. तुझ्याही कामात हे घडेल असे गृहीत धर.

पोहोचल्यावर पहिला महिना कोडला हात लावू नकोस. तीन-चार आरोग्य केंद्रांत जा, महिनाअखेरीस अहवाल भरणाऱ्या परिचारिकेशेजारी बस, प्रत्येक कोऱ्या तक्त्याची एक प्रत मागून घे आणि बाळंतपणांची संख्या किती ठिकाणी विचारली आहे ते मोज. तो आकडा मला कळव. पुढचे पत्र त्यावरच लिहीन.