आयातशुल्क वाढलं म्हणून कंपनीचे शेअर वाढवायचे का?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. डेट्रॉईटच्या एका मोठ्या मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यात ३ लाख ६० हजार डॉलर जमलेत, त्यातले जवळपास ४० टक्के कंपनीच्याच शेअरमध्ये आहेत. पत्नी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. घराचं कर्ज चालू आहे. २०२५मध्ये परदेशी गाड्यांवर २५ टक्के शुल्क लागल्यापासून वाटतंय, की आता आपल्या कंपन्यांचे दिवस येणार. ४५ हजारांचा बोनस हातात येतोय. तोही कंपनीच्या शेअरमध्ये घालू का?

उत्तर : नका घालू. आणि ते ४० टक्केही कमी करा.

तुमचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. देशी कंपन्या बाहेरून येणाऱ्या गाड्यांमुळे मागे पडल्या, म्हणजे दार लावलं की त्या सावरतील. हे दार आधीही लावून झालंय. १९८१मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्याच पाठवायचं मान्य केलं. गाड्यांची संख्या बांधली गेल्यावर जपानी कंपन्या एकेका गाडीमागे जास्त नफा काढायच्या मागे लागल्या. होंडाची अॅक्युरा ही महागडी गाडी १९८६मध्ये आली, टोयोटाची लेक्सस आणि निसानची इन्फिनिटी १९८९मध्ये. तोवर स्वस्त, छोट्या गाड्यांपुरती असलेली स्पर्धा थेट कॅडिलॅक या डेट्रॉईटच्या महागड्या गाडीच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली. शिवाय कारखानेच इकडे आले : होंडा १९८२मध्ये ओहायोत मेरिसव्हिलला, टोयोटा १९८८मध्ये केंटकीत जॉर्जटाऊनला. तिथे बनणाऱ्या गाडीला आयातशुल्क कुठून लावणार? (आणि ज्या क्रायस्लरला आपण अजून देशी म्हणतो, तिच्या मालक कंपनीची, स्टेलँटिसची, नोंदणी नेदरलँड्समध्ये आहे.)

हलक्या ट्रकवरचं २५ टक्के शुल्क तर १९६४पासून आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याचं उट्टं म्हणून ते बसवलं होतं. त्या आडोशाला डेट्रॉईटचा पिकअपचा धंदा इतका फोफावला, की छोट्या गाडीत डोकं घालायची गरजच उरली नाही. पेट्रोल स्वस्त असेतो हे छान चालतं. २००८मध्ये ते भडकलं आणि ट्रक डीलरच्या आवारात पडून राहिले.

मजुरी आणि निवृत्तांचा खर्च हे कारण तुम्ही ऑफिसात रोज ऐकत असाल. ते खोटं नाही. जनरल मोटर्सवर निवृत्तांच्या औषधपाण्याचा बोजा प्रचंड होता. पण २००७च्या करारात तो युनियनच्या ट्रस्टकडे सोपवायचं ठरलं, तेव्हा आज सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. मला त्याहून फ्रीमाँटचं उदाहरण बोलकं वाटतं. कॅलिफोर्नियातला हा कारखाना जनरल मोटर्सने १९८२मध्ये बंद केला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. युनियन तीच आणि बहुतेक कामगारही तेच. गाड्या जुळवायच्या लाइनच्या वर एक दोरी होती. काही चुकतंय असं दिसलं तर कोणत्याही कामगाराने ती ओढायची, मदत मागायची, वेळ पडली तर लाइन थांबवायची. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या दर्जात जपानमधल्या गाड्यांच्या तोडीला आल्या. जनरल मोटर्सच्या मॅनेजरांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. पण कंपनीच्या इतर कारखान्यांत लाइन थांबवणं म्हणजे गुन्हाच होता, आणि ती समजूत मोडायला कंपनीला कितीतरी वर्षं लागली. ही अडचण आयातशुल्काने सुटत नाही.

आता २०२५चं शुल्क. त्याचा फटका खुद्द जनरल मोटर्सलाच बसला. वर्षभरात ४ ते ५ अब्ज डॉलरचा भार पडेल, असं कंपनीनेच मे महिन्यात सांगितलं. कारण तिच्याही गाड्या मेक्सिको, कॅनडा आणि दक्षिण कोरियातून येतात. पुढे सप्टेंबरमध्ये जपानी गाड्यांवरचा दर १५ टक्क्यांवर आला. मेक्सिकोत जुळवलेल्या डेट्रॉईटच्या गाडीला मात्र, अमेरिकी भागांची किंमत वजा जाता, २५ टक्केच राहिले. त्यात पोलाद आणि अॅल्युमिनियमवर ५० टक्के. दुसरीकडे चीनच्या बाजारात स्थानिक कंपन्यांनी इतकी मुसंडी मारली, की डिसेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सला तिथल्या धंद्यापोटी ५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम तोटा म्हणून खर्ची टाकावी लागणार असल्याचं जाहीर करावं लागलं. वॉशिंग्टनचं शुल्क शांघायमध्ये कुणाला वाचवणार?

शेअर वाढणारच नाही, असं मी म्हणत नाही. दिवाळखोरीनंतर उभ्या राहिलेल्या नव्या जनरल मोटर्सचा शेअर नोव्हेंबर २०१०मध्ये ३३ डॉलरला बाजारात आला. १३ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, तो त्याहून खालीच होता. तेवढ्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक साडेतीन पटींहून वर गेला. त्यानंतर कंपनीने स्वतःचे शेअर मोठ्या प्रमाणावर परत विकत घेतले आणि भाव चांगला चढला. म्हणजे कधी घेतलात त्यावर सगळं अवलंबून, आणि ती वेळ साधणं तुमच्या-माझ्या हातात नाही. जुन्या शेअरवाल्यांचं तर विचारूच नका. १ जून २००९ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमचा पगार, पत्नीचा पगार, ट्रॉयमधल्या घराची किंमत आणि निवृत्तीच्या पैशातले १ लाख ४४ हजार हे सगळं एकाच धंद्यावर चालतंय. २००८-०९मध्ये डेट्रॉईटच्या आसपास नोकऱ्या, घरांच्या किमती आणि शेअर एकदमच गडगडले. सुटे भाग बनवणाऱ्यांची वेळ तर आधीच आली होती. जनरल मोटर्समधून वेगळी झालेली डेल्फी २००५मध्येच दिवाळखोरीत गेली. तेव्हा पत्नीची नोकरी हा तुमचा आधार धरू नका, तीही त्याच नावेत आहे.

मग करायचं काय? ४०१(के) खात्यात शेअर विकून फंड घेतला तर त्यावेळी कर लागत नाही, त्यामुळे तिथे थांबायला काही कारण नाही. स्वतःच्या वर्गणीतून घेतलेले शेअर कधीही बदलायची मुभा कायद्याने आहे. कंपनीने दिलेल्या शेअरना तीन वर्षांच्या नोकरीनंतर तीच मुभा मिळते. दोन-तीन टप्प्यांत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आणा आणि पैसे सबंध बाजाराच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात, टाका. त्यातही मोटार कंपन्या असतातच, त्यांच्या वाट्याच्या. एकच अपवाद. तुमचे काही शेअर फार जुने आणि अगदी स्वस्तात घेतलेले असतील, तर ते नोकरी सोडताना खात्याबाहेर काढण्याची करसवलतीची एक वाट आहे. विकण्याआधी करसल्लागाराला त्याबद्दल विचारा.

बोनसमधून आधी आठ-नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. एरवी मी सहा महिने सांगतो, पण तुमच्या घरात दोन्ही पगार एकाच धंद्यातले आहेत. उरेल ते कर्जाच्या व्याजदराशी ताडून पाहा. दर सहा टक्क्यांच्या वर असेल तर थोडं मुद्दलात भरा, नाहीतर तेही इंडेक्स फंडात.

विक्री करण्याआधी एचआरकडून कंपनीच्या तिमाही निकालांच्या तारखा घ्या. तुमच्या पदाला त्या सुमारास शेअर विकायची बंदी असू शकते.