रोबो रोज सोडायची गरज नाही

पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करणारा रोबो रोज पाण्यात सोडायचा का, असं विचारलंत. बाणेरला तुमच्या आसपास बांधकामं चालू आहेत, धूळ येते म्हणता, तर आठवड्यातून दोन-तीनदा रोबो सोडा, पुरे. वळवाचा पाऊस झाला की मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी हवीच. गुलमोहराच्या पाकळ्या तळाशी कुजत राहिल्या की क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतं.

सुरुवातीला हमखास चुकतं ते हे:

- प्रत्येक फेरीनंतर फिल्टरची जाळी धुवा. माझी एकदा दोन दिवस तशीच राहिली. बारीक माती वाळून अशी घट्ट बसली की जुन्या टूथब्रशने तासभर घासावी लागली.
- काम झालं की यंत्र बाहेर काढून सावलीत ठेवा.
- पाण्यात कुणीही असताना चालवू नका, मुलं असतील तर अजिबातच नाही.

रोबो फक्त झाडलोट करतो. पंप आणि क्लोरीनकडे रोज बघायचंच. टायमरचं नंतर बोलू, आधी महिनाभर हे जमू द्या.