पोटाला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर नक्की काय ऐकतात?

वडिलांच्या आतड्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर रोज सकाळी पोटावर स्टेथोस्कोप टेकवतात आणि 'पेज अजून नको' म्हणून निघून जातात, तर पोटात ऐकण्यासारखं असतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी मालवणकडे प्रॅक्टिस करतो. आमच्याकडचे आजोबा तर थेटच हटकतात, "डॉक्टरांनु, काळीज वर असा, तुमी खय ऐकतास?"

ऐकायची असते ती गुडगुड. आतडी आकसून हवा आणि पाणी पुढे ढकलतात, त्याचा आवाज. पुस्तकात मिनिटाला ५ ते ३० वेळा असं दिलेलं असतं, पण पोट भरलेलं की रिकामं यावर ते इतकं बदलतं की मोजत बसण्यात अर्थ नसतो. मी बेंबीच्या उजवीकडे खाली, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथून सुरुवात करतो. तिथे आवाज सहसा सापडतोच. छाती आधी ठोकून मग ऐकतात, पोटाचं उलट. आधी ऐकायचं, मग हात लावायचा, कारण दाबलं की आतडी चाळवतात आणि दुखऱ्या पोटाचा माणूस अंग चोरून घेतो. चकती तळहातावर चोळून कोमट करायची, पंखा बंद करायचा. पत्र्यावर सर कोसळत असेल तर गप्प बसून ती ओसरायची वाट बघायची.

ऑपरेशननंतर आतडी काही काळ सुस्तावतात. लहान आतडं साधारण दिवसभरात हलायला लागतं, मोठं दोन-तीन दिवस घेतं. तोवर पोट शांत. ५ मिनिटं ऐकल्याशिवाय 'आवाज नाही' असं केसपेपरवर लिहू नये, अशी जुनी शिकवण आहे. भरल्या ओपीडीत ती किती पाळली जाते ते विचारू नका. वाटेत अडथळा असला तर मात्र उलटं होतं. पोटात कळ येते आणि त्याच वेळी बारीक, चढ्या सुरातली टिणटिण ऐकू येते. आतडं दमलं की तीही थांबते.

आता माझं मत. या आवाजावर एकट्यावर मी भिस्त ठेवत नाही. एकच पोट दोन डॉक्टरांनी ऐकलं तर दोन उत्तरं येऊ शकतात. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, संडास आणि वारा दोन्ही बंद आहे, असं असेल तर आवाज कसाही असो, मी पेशंटला एक्स-रेला आणि सर्जनकडे धाडतो. आणि वारा सरला का, हा प्रश्न स्टेथोस्कोपपेक्षा जास्त सांगून जातो. वडील सुनेसमोर लाजून 'नाही' म्हणत असतील, तर तुम्ही एकटे असताना विचारा.

हल्ली बरेच सर्जन आवाजाची वाट न बघता लवकर घोट-घोट पाणी, मग पातळ पेज सुरू करतात. पण आतडं कापून जोडलं असेल तर तो निर्णय टाके घालणाऱ्याचाच. उद्या राउंडला एवढंच विचारा, थांबलोय ते आवाजासाठी की जोडासाठी? तोवर घरून पेजेचा डबा नेऊ नका.