मध, माश्या आणि वाडी: वाचकांचे प्रश्न

खिडकीच्या चौकटीलगत भिंतीला चीर आहे. तिच्यातून मेणासारखी काळपट नळी बाहेर आली आहे आणि बारीक काळ्या माश्या ये-जा करतात. सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते आहे. काय करू? (मुलुंड)

आधी त्याला थांबवा. या पोयाच्या माश्या. लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर, आणि नांगी नाही म्हटले तरी चालेल. फार छेडले तर केसांत शिरतात, कातडीला चिमटे घेतात, एवढेच. ती नळी मेण आणि झाडांचा डिंक मिसळून केलेली असते. जवळून पाहिलेत तर तोंडाशी पहारेकरी माश्या ओळीने बसलेल्या दिसतील. मुंग्या आत येऊ नयेत म्हणून तोंडाची कड चिकट ठेवलेली असते. भिंतीचे त्या काही बिघडवत नाहीत, चीर आधीचीच असते. रंगकाम निघाले तर रंगाऱ्याला एवढेच सांगा की नळीचे तोंड बुजवायचे नाही.

महाबळेश्वरहून आणलेला जांभळाचा मध कडवट लागतो. सरसोंच्या मधाची बाटली तर थिजून पांढरी झाली. दोन्ही भेसळीचे का? (दादर)

दोन्ही चांगले असू शकतात. कडवटपणा जांभळाचाच आहे: रंग गडद, गोडव्यामागून येणारी तुरट-कडू चव. तीच आवडणारे लोक त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. मकरंद फुलाचा असतो, त्यामुळे फुलाचा रंग-गंध मधात उतरणारच. माशी त्यात आपली पाचक द्रव्ये मिसळते आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवते. कारवी सह्याद्रीत साधारण आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते (बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 साली फुलली होती), म्हणून कारवीचा दाट मध दरवर्षी मागून मिळत नाही. वर्षभर, प्रत्येक बाटलीत एकच चव हवी असेल तर अनेक ठिकाणचे मध एकत्र करावे लागतात आणि त्यात जांभूळ, हिरडा, गेळा सगळे हरवून जातात. मला याचे खरोखर वाईट वाटते.

थिजण्याचे कारण ग्लुकोज. सरसोंच्या मधात ते जास्त, म्हणून लवकर दाणे धरतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे, काडी पेटवून पाहणे या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. साखरेचा दाट पाकही त्यात पास होतो. त्यापेक्षा विक्रेत्याला विचारा: कोणते फूल, कुठले गाव, कोणत्या महिन्यातली काढणी? महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तिथले मधपाळ या प्रश्नांची उत्तरे देतात. आणि मुंबईच्या पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, मध हवेतले पाणी ओढतो आणि आंबतो.

नातवाच्या बारशाला मध चाटवावा का? (गिरगाव)

नको. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंची बीजे असू शकतात. मोठ्यांना त्यांचा सहसा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात. मध कितीही शुद्ध असला तरी हा नियम मोडू नका.

वसईला आमची छोटी वाडी आहे. काकड्या वाकड्या येतात, दुधीची कळी गळते, वांगी कमी धरतात. मधपेट्या विकत घेऊ का? (बोरिवली)

पेटीपेक्षा आधी फूल पाहायला शिका, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

काकडीचे फूल सकाळी उमलते. मादी फुलाला पराग पुरेसा मिळाला नाही तर फळ एका बाजूने फुगते आणि वाकते. इथे सातेरी (पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी), फुलोरी (छोटी रानटी मधमाशी), पोयाच्या माश्या सगळ्या कामाच्या. दुधीचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उघडते, त्याचे गिऱ्हाईक पतंग. म्हणून संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावा. वांग्याचे परागकोश टोकाच्या बारीक छिद्रांतूनच पराग सोडतात. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची देशी माशी फुलाला धरून जोराने गुणगुणतात, तेव्हा त्या कंपनाने पराग झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. वांग्यासाठी पेटी घेणे म्हणजे पैसे वाया.

हे भुंगे आणि एकट्या राहणाऱ्या माश्या मध साठवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यातल्या पुष्कळ जमिनीत बिळे करतात, भुंगा वाळक्या लाकडात. बांधाचा एक उन्हाचा तुकडा न नांगरता, न झाकता, उघडा ठेवा. पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा वाळका ओंडका जाळू नका. कोथिंबीर, मुळा, तुळस थोडी फुलावर जाऊ द्या, बांधावर टाकळा-तीळ असू द्या, म्हणजे वर्षभर काहीतरी फुललेले राहील. फुलोऱ्यात कीटकनाशक मारूच नका. एवढे करून काकडीच्या हंगामात माशी कमी वाटलीच, तर एक-दोन सातेरीच्या पेट्या आणा. पेटीत पाळल्या जाणाऱ्या परदेशी मधमाशीला मोठा, सलग फुलोरा लागतो आणि कोकणच्या पावसाळ्यात तिला साखरपाणी देऊन जगवावे लागते.

गॅलरीतल्या गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गायब आहेत. कोणते औषध मारू? (ठाणे)

कोणतेच नाही. ही पाने कापणारी देशी माशी आहे. तुकडा ती खात नाही. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या छिद्रात नेऊन पिल्लांसाठी त्याची खोली विणते. झाडाला त्याने काही होत नाही. बोटभर जाडीच्या बांबूच्या नळ्या गाठीपासून कापून, एक टोक बंद ठेवून, पावसापासून आडोशाला बांधा. नळीचे तोंड पानांनी बंद झालेले दिसले की ती हलवू नका, आत अंडी असतात.