फोन खाली ठेवला, आता हातात काय?

मोबाइलवर निरर्थक जाणारा वेळ आणि त्याऐवजी मनाला उभारी देणारं काय करता येईल, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : रात्री साडेनऊला ओटा आवरून सोफ्यावर टेकते. पाच मिनिटं रील्स बघू म्हणते आणि घड्याळात पाहते तर साडेअकरा. ॲपला वेळेची मर्यादा लावली होती, ती आठवड्याभरात मोडली. झोपताना मन आणखीच मरगळलेलं असतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मालिकेचा भाग संपतो, पुस्तकाचं प्रकरण संपतं, रील्स संपतच नाहीत. ‘आता पुरे’ असं सांगणारी जागाच त्यात ठेवलेली नाही. त्यामुळे थांबायचं की नाही हे दर रीलला नव्याने ठरवावं लागतं, आणि दिवसभर राबलेल्या डोक्याला साडेनऊला नेमकं तेच जमत नाही. वेळेची मर्यादाही त्यामुळेच टिकत नाही. ती ओलांडायचं बटण त्याच पडद्यावर, अंगठ्याखालीच असतं.

म्हणून रात्री ठरवू नका, दुपारीच ठरवा. एकच आवडीचं काम निवडा आणि ते अर्ध्या मिनिटात सुरू करता येईल असं मांडून ठेवा. भरतकाम असेल तर कापड रिंगमध्ये ताणलेलं, सुईत दोरा ओवलेला, रिंग सोफ्यावर तुमच्या नेहमीच्या जागी. सामान कपाटाच्या वरच्या फळीवर पिशवीत असेल, तर फोनच जिंकणार. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात कायमचा हलवा. ‘गजरासाठी फोन उशाशी लागतो’ ही अडचण गजराच्या साध्या घड्याळाने सुटते.

काम निवडताना त्यात दोन्ही हात गुंततील एवढं पाहा. ठिपक्यांची रांगोळी वहीवर काढणं, क्रोशा, पेटीवर सरगमीचे अलंकार वाजवणं, उद्याच्या भाजीसाठी वाल सोलणंसुद्धा. पुस्तक चांगलंच, पण पहिल्या आठवड्यात एक हात मोकळा राहतो आणि तो फोन शोधतो. कामाला शेवट असू द्या : एक ओळ, एक फूल, एक पान. वीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि कपाट आवरणं वगैरे राहून गेलेली कर्तव्यं या वेळेत घुसवू नका. मन त्याला शिक्षा समजतं आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतं.

वहीत तीन रकाने आखा : काय केलं, आधी मन कसं होतं, नंतर कसं होतं. मनाला ० ते १० गुण द्या. उदास मनावरच्या उपचारात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे, तिचं सूत्र हेच : उत्साह येण्याची वाट न पाहता कृती आधी करायची, उत्साह मागून येतो. दहा-बारा नोंदी झाल्या की कोणतं काम तुम्हाला खरंच उचलून धरतं ते वहीच दाखवेल. सुरुवातीला पहिली दहा मिनिटं चुळबुळ होईल, एवढ्यावरून काम बदलू नका.

प्रश्न : रील्स सोडण्यासाठी क्रोशा शिकायला घेतला. चौकोनी रुमाल करायला जाते, तर ओळीगणिक कडा आत येतात आणि त्रिकोण होतो. शिवाय खालची कड धनुष्यासारखी वाकते. (एक वाचक, अकोला)

उत्तर : दोन्ही चुका नवशिक्यांच्या नेहमीच्या आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

कडा आत येतात कारण ओळीचा शेवटचा टाका सुटतो. काम उलटवलं की तो टाका कलतो आणि मागच्या साखळीआड लपतो. ओळ संपली असं वाटतं. प्रत्येक ओळीत एक टाका गेला की वीस ओळींत रुमाल निमुळता होतो. उपाय असा : सरकगाठ मारून २१ साखळ्या घाला, पहिली सोडून दुसऱ्या साखळीपासून २० मुके खांब (सिंगल क्रोशा) विणा. काम उलटवा, १ साखळी घाला आणि अगदी पहिल्याच खांबात पहिला टाका घ्या. तो विणून झाला की त्यात छोटी सेफ्टी पिन अडकवा. पुढची ओळ विणत याल तेव्हा पिन असलेला टाका हाच शेवटचा. पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी २० मोजा. मोजताना २१ आले, तर उलटवतानाच्या साखळीतही टाका पडला आहे. कडा बाहेर पसरतात त्या त्यामुळे.

खालची कड वाकते ती साखळ्या घट्ट घातल्यामुळे. फक्त साखळ्यांसाठी अर्धा नंबर मोठी सुई घ्या : रुमाल ४ मिमीच्या सुईने विणत असाल, तर साखळ्या ४.५च्या सुईने.

दोरा जाडसर आणि फिक्या रंगाचा घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यातले टाके रात्री ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत आणि मग माणूस कंटाळतो. गरम भांडी धरायला रुमाल हवा असेल, तर दोरा सुतीच हवा. ॲक्रिलिकची लोकर मऊ आणि स्वस्त असते, पण तापलेल्या तव्याला चिकटून वितळते, हात भाजतो. जाड सुती दोऱ्याचे वीस खांब साधारण १३-१४ सेंटिमीटर भरतात. असे दोन चौकोन एकावर एक शिवले की धरायला पुरेसं जाड होतं.

टाका शिकायला व्हिडिओ पाहणार असाल, तर दुपारी एकदाच पाहा आणि पायऱ्या कागदावर उतरवून घ्या. विणताना फोन मांडीवर ठेवला की पुढचा व्हिडिओ क्रोशाचा नसतो. चुकलं तर बिनधास्त उसवा. दोरा तसाच्या तसा परत मिळतो, ही सोय फार थोड्या कलांत आहे.

प्रश्न : वडील ६९ वर्षांचे. गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून फारसे उतरत नाहीत. दिवसभर फोनवर बातम्यांचे व्हिडिओ पाहतात आणि चिडचिडे झाले आहेत. फोन ठेवा म्हटलं की आणखी चिडतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फोन काढून घेऊ नका. निवृत्त माणसाला बाहेरच्या जगाशी जोडणारी ती एकच तार असते. त्यांच्याशिवाय अडेल असं एक काम गॅलरीत उभं करा. मेथी यासाठी उत्तम, कारण ती दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते.

मिठाईचा ५-६ सेंटिमीटर खोल प्लास्टिकचा डबा घ्या, तापल्या खिळ्याने तळाला सात-आठ भोकं पाडा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात भरा. ३० बाय २० सेंटिमीटरच्या डब्याला दोन मोठे चमचे मेथीदाणे पुरतात. दाणे रात्रभर भिजवा, एकावर एक येणार नाहीत असे पसरा, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरवा. दहा-बारा दिवसांत दोन पानांची कोवळी मेथी कात्रीने कापता येते. पाचव्या दिवशी दुसरा डबा पेरला की कापणी अखंड चालू राहते.

बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली, तर पाणी जास्त आणि हवा कमी. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. उंच, फिकट आणि एका बाजूला कललेली रोपं म्हणजे ऊन कमी. डबा रोज फिरवा. कोंबांच्या मुळाशी पांढरी लव दिसली की बुरशी समजून डबा फेकू नका. पाण्याचा फवारा मारा : लव मुळांशी चिकटून दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच केसमुळं, तशीच राहिली तर बुरशी.

तुम्ही स्वतः मात्र एकदाही पाणी घालू नका. ते काम बाबांचंच राहू दे.

सकाळी ते तिथे बसतीलच, तेव्हा शेजारी वही-पेन ठेवा : तारीख, वेळ, पक्षी. वडा-उंबराच्या शेंड्यावरून एकसुरी टुक-टुक करणारा हिरवा, कपाळाला लाल टिळा असलेला तांबट. शेपटीखाली लाल डाग असलेला बुलबुल. फुलांपाशी भिरभिरणारा शिंजीर. दुर्बीण पहिला महिना नकोच, मनगटं दुखतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून. त्या आठवड्यात नातवंडांनी आजोबांची वही मागावी, एवढं जमवून आणा.

प्रश्न : चित्रकला, गाणं, चालणं सगळं करून पाहिलं. कशातच मन रमत नाही, पूर्वी आवडायचं तेही नाही. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज चालू असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा छंदाचा प्रश्न नाही. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

प्रश्न : मुलं ९ आणि १२ वर्षांची. जेवणानंतर टॅब्लेट काढून घेतला की भांडतात. घरात आम्ही तिघंच असतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर : तिघांसाठी पत्त्यांतला पाच-तीन-दोन हा डाव आहे. ७ ते एक्का एवढेच पत्ते ठेवा. सत्त्या फक्त इस्पिक आणि बदामच्या. झाले ३० पत्ते, प्रत्येकी १०. आधी पाच-पाच वाटा. वाटणाऱ्याच्या शेजारचा हुकूम (बाकी रंगांवर भारी पडणारा रंग) बोलतो आणि त्याला ५ हात करायचे, म्हणजे ५ फेऱ्या जिंकायच्या असतात, पुढच्याला ३, वाटणाऱ्याला २. मग उरलेले पत्ते वाटा. उतारीचा, म्हणजे फेरीत पहिल्या पडलेल्या पत्त्याचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकूम मारता येतो. ज्याचे हात जास्त झाले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या पत्त्यांतून तितके न बघता ओढतो आणि आपले नको ते देतो. या ओढण्यातच सगळी गंमत आहे, मुलं त्यासाठीच पुन्हा बसतात.

धाकट्याला पहिले तीन डाव पत्ते उघडे ठेवून खेळू द्या, नाहीतर सतत हरून तो उठेल. आणि तुमचा फोन दुसऱ्या खोलीत. हुकूम बोलायच्या वेळी तुमचाच फोन वाजला, तर तो डाव तिथेच मोडतो.