प्रार्थनेत काहीच वाटत नाही तेव्हा

अगं, सुरुवातीचा उत्साह ओसरला म्हणून देव दूर गेला असं अजिबात समजू नकोस. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, ते बंदिवासात असताना, आणि तरी त्यात आनंद करा आनंद करा हेच पुन्हा पुन्हा येतं, कारण त्याचा आनंद परिस्थितीत नव्हता, ख्रिस्तात होता. रोज बायबल थोडंच वाच पण सावकाश, त्यातलं स्तोत्र 42 घे, त्यात तर स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, तसंच तूही मोकळेपणाने देवाशी बोल, रडू आलं तरी चालेल. देवाकडून काय काय मिळेल यापेक्षा देवच आपला झालाय यावर मन लाव. आणि चर्च प्लीज सोडू नको, एकटीने फार जड जातं, मंडळीतल्या एखाद्या अनुभवी बहिणीसोबत बसून प्रार्थना कर.